प्लायच्या मागचा पंखा

मित्रांनो, जरा मान वर करा. छताकडे नको, तिथे माझा लाडका भाऊ फिरतो. समोरच्या भिंतीकडे बघा, दाराच्या चौकटीपेक्षा थोडं वर. ती गोल जाळी, ती तीन पाती, काठाला लागलेलं काळं तेल, तो मी. मी एक जुना पंखा आहे, पण वारा घालणं हे माझं काम नाही. आतली खराब हवा ओढून बाहेर फेकणं हे माझं काम. शिकलेले लोक मला एक्झॉस्ट म्हणतात, गोजरबाई 'एक्झास' म्हणते, आणि मला दोन्ही चालतं. छताच्या पंख्याखाली लोक "आहाहा!" म्हणत बसतात. माझ्यासमोर बसून कोणी आहाहा म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. माझं काम चांगलं झालं तर कोणाला काही कळत नाही. ते बंद पडलं तरी बरेच दिवस कळत नाही, आणि माझी गोष्ट त्याच दिवसांची आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला म्हणतात. जन्माची आठवण कोणाला असते? मला आठवतो तो टेम्पोतला प्रवास आणि मग सोलापूरचं ऊन. बापरे, काय ते ऊन! खोक्यातून काढल्या काढल्या माझी पाती तापली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अंबादास मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथे मला आणलं होतं. मालकांचे आजोबा हातमागावर बसायचे. मालक घरी तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. माणूस वाईट नाही हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मला तर चांगलाच आला होता.

कारखान्याच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तिला सगळे डागाची खोली म्हणतात. मागाला तेल लागतं, तेलाचा थेंब उडतो आणि पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर काळा डाग बसतो. असा टॉवेल कोण विकत घेणार? म्हणून तो या खोलीत येतो. इथे टेबलावर पिचकारीसारखी एक बंदूक असते. तिच्यात थिनरसारखं केमिकल भरतात, पण सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव 'डागाचं पाणी'. बंदूक डागावर धरायची, घोडा दाबायचा, फुस्स! डाग गायब, आणि बघता बघता टॉवेल कोरडा. जादूच म्हणा ना. पण तुम्ही हुशार मुलं, मला सांगा, ते पाणी गेलं कुठं? वाळलं म्हणजे संपलं का? छे! ते हवेत गेलं. हवेतून बंदूक धरणाऱ्याच्या नाकात, नाकातून रक्तात आणि रक्तातून थेट डोक्यात. ते डोक्यात जाऊ नये म्हणून तर मला भिंतीत बसवलं होतं.

बिरुदेव पहिल्यांदा या खोलीत आला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. सांगोल्याकडचा उंच, सडसडीत गडी. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. मोकळी रानं कुंपणात गेली, चरायला जागा उरेना, म्हणून मेंढरं थोरल्या भावाकडे ठेवून तो बायको सोनाली आणि लेक पायल यांना घेऊन सोलापुरात आला होता. आत पाऊल टाकताच त्याने नाकाला रुमाल लावला.

"आयला, हितं तर लईच वास मारतुया की!" तो म्हणाला. मग भिंतीवरचं बटण दाबून त्याने माझ्याकडे बघितलं. "तू हाईस व्हय? मग बरं हाय."

मला तोवर कोणी 'तू' म्हटलं नव्हतं मित्रांनो. बटणालाही लोक न बघताच हात घालायचे. त्या दिवशी मी असा काही फिरलो की टेबलावरचे कागद उडाले.

बिरुदेवाची स्मरणशक्ती म्हणजे चमत्कार होता. मेंढरं तुम्हाआम्हाला सगळी सारखी दिसतात. त्याला एकेक मेंढरू तोंडावरून ओळखू यायचं, आणि त्याच्या आईचं नावही सांगता यायचं. दाराबाहेर घड्या घालणारी, गठ्ठे न्यायला आत-बाहेर करणारी गोजरबाई वयाने थकलेली, जिभेने मात्र तरतरीत. ती रोज काहीतरी हरवायची.

"बिरुदेवा, माझा चश्मा बगितलास का रं?"

"अंबाड्यात खोवलाय न्हवं का, मावशी. सकाळी तुमीच खोवलाय."

डाग काढता काढता तो एक ओवी गायचा. ती कोणाची ऐकून पाठ केलेली नव्हती. रानात मेंढरांमागे फिरताना त्यानेच जुळवलेली, स्वतःच्या मेंढरांची आणि मोरी नावाच्या कुत्रीची.

म्होरं निघाली लाखी, तिच्या मागनं भुरी,
बांडी बसली रुसून, समजूत काढी मोरी,
लंगडत येती चांदी, तिला घ्या खांद्यावरी.

बंदुकीच्या फुस्सवर तो ताल धरायचा आणि मी घरघर करून साथ द्यायचो. माझा आवाज काही गोड नाही. पण त्या दिवसांत वास बाहेर जायचा, ओवी आत राहायची आणि आमचं बरं चाललं होतं.

मग मागच्या गल्लीतला रस्ता खणला गेला. ड्रेनेजची लाइन टाकायची होती म्हणे. मातीचे ढीग पडले, वारा सुटला की धूळच धूळ. आता माझ्या बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या झडपा आहेत. मी फिरलो की त्या उघडतात, थांबलो की मिटतात. पण त्या कधीच्या गंजून उघड्याच अडकल्या होत्या आणि त्यांना तेलाचं बोट लावायला कोणाला सवड झाली नव्हती. एका दुपारी वीज गेली. मी थांबलो. झडपांतून धूळ सरळ आत आली आणि एका मोठ्या हॉटेलसाठी काढून ठेवलेल्या पांढऱ्या टॉवेलांवर बसली. सगळा माल परत आला.

मालक लालबुंद होऊन खोलीत आले. "काय बे हे! डाग काढायची खोली का डाग पाडायची? ह्या पंख्याचं तोंड बंद करा आदी! रस्ता होईपर्यंत प्लाय ठोका तिथं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी ओरडून सांगितलं असतं, झडपांना थोडं तेल द्या हो, मी काही केलेलं नाही. पण पंख्याला कोण विचारतो? प्लायवूडचा एक तुकडा आला, आणि तो ठोकायला स्टुलावर चढला आमचाच बिरुदेव. त्याने माझ्या जाळीवरून हात फिरवला.

"थोडं दिस कळ काड गड्या," तो हळूच म्हणाला. "तात्पुरतंच हाय."

मग त्याने खिळे ठोकले. त्याचं कोणतंच काम कच्चं नसायचं, तसे खिळेही पक्के बसले. एकच खिळा वाकडा गेला. तो त्याने उपटून बाजूला ठोकला आणि पहिल्या जागी एक भोक राहिलं.

आपल्याकडे 'तात्पुरतं' या शब्दाला लई आयुष्य असतं, मित्रांनो. खड्डे बुजले, रस्ता झाला, त्यावर डांबर पडलं, पोरं तिथे क्रिकेट खेळू लागली. प्लाय मात्र वर्षं उलटली तरी तिथेच राहिला. त्याच्यावर कोणीतरी देवाचं कॅलेंडर टांगलं आणि भिंत भिंतीसारखी दिसायला लागली. पुढे प्लाय, मागे गंजलेल्या झडपा, मध्ये मी. हलता येईना, बोलता येईना. त्या खिळ्याच्या भोकातून खोलीचा एक तुकडा तेवढा दिसायचा. त्या तुकड्यात टेबल होतं, बंदूक होती आणि बिरुदेव होता.

फुस्स. फुस्स. फुस्स. दिवसभर तो आवाज, आणि वास बाहेर जायला वाट नाही. खिडकी नव्हतीच. दार उघडं ठेवलं तर मागाकडची कापसाची धूळ ओल्या टॉवेलला चिकटते, म्हणून दारही लावलेलं. मी अंधारात अडकलो होतो, आणि बिरुदेव माझ्या डोळ्यांसमोर उजेडात अडकला होता.

सुरुवातीला त्याचं डोकं दुखायचं. तो रुमाल घट्ट बांधायचा. अहो, रुमाल धूळ अडवतो, वाफ कशी अडवेल? संध्याकाळी मालक स्वतः येऊन सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचे. "खा बे, गूळ खा. घशातलं सगळं साफ होतंय." मालकांचे वडील द्यायचे, आजोबा द्यायचे. कापसाच्या धुळीवर गूळ, अशी कारखान्याची पद्धतच होती. देणाऱ्याच्या मनात माया होती, हे मी भोकातून बघितलंय. पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला! गुळाने घसा गोड होतो. डोक्यात गेलेल्या वाफेला गुळाचा पत्ताही लागत नाही.

या खोलीत नवे लोक यायचे. पहिल्याच दिवशी त्यांना मळमळायचं, डोळे झोंबायचे, आणि ते हात जोडून दुसऱ्या कामाला पळायचे. बिरुदेव मात्र टिकला. एके दिवशी त्याने रुमालच सोडून टेबलावर टाकला.

"आता मला वासच येत न्हाई, मालक," तो हसत म्हणाला.

मालकांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा बे, ह्याला म्हणतात कारीगर! नाहीतर तुमी, नाजूक नवऱ्या."

सगळे हसले आणि बिरुदेवाची छाती फुगली. प्लायमागे माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. अरे वेड्या, वास गेलेला नाही! तुझं नाक थकून गप्प बसलंय. राखणीचं कुत्रं भुंकायचं थांबलं म्हणजे चोर गेला असं थोडंच असतं? पण हे मी कोणाला सांगणार?

एकदा मात्र आशा वाटली. गोजरबाईने ट्यूबलाइट समजून माझंच बटण दाबलं. इतक्या दिवसांनी अंगात वीज आली! मी जीव खाऊन फिरलो. प्लाय थरथरला, कॅलेंडर भिंतीवर नाचायला लागलं.

"अगं बया, भिंत का घुमतीया?" गोजरबाई घाबरली.

बिरुदेव खो खो हसला. "भूत न्हाय मावशी, आपला पंखा कोंडलाय की त्यात. रस्ता तर झालाय, मालकास्नी आजच सांगतो प्लाय काडायला."

त्याने बटण बंद केलं. मी वाट बघत राहिलो. संध्याकाळी मालक आले, गूळ वाटून गेले. बिरुदेव काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो विसरला होता. एका एका मेंढराची वंशावळ सांगणारा बिरुदेव विसरला होता! तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्यानंतर सगळं उतरणीलाच लागलं. बंदूक हातात धरून तो ती टेबलाखाली शोधायचा. तोच टॉवेल परत परत घ्यायचा. बोटं थरथरू लागली. जो माणूस कोणाला अरे म्हणत नव्हता, तो गोजरबाईवर खेकसला, आणि घटकेने डोळ्यांत पाणी आणून तिच्या पाया पडला. "मावशी, मला काय हुतंय कळंना वो." ती बिचारी त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. चष्मा हरवला की ती आता त्याला विचारत नसे.

आणि ओवी! एका सकाळी त्याने सूर धरला. लाखी निघाली, भुरी निघाली, बांडी रुसली, मोरीने समजूत काढली, आणि तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. पुन्हा तिथेच थांबला. कपाळावर मूठ मारून घेतली. पुढची ओळ त्याला येईना. मला येत होती, मित्रांनो! माझ्या पात्यापात्यात ती ओळ होती. लंगडत येती चांदी, लंगडत येती चांदी, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो आणि बाहेर माझा साधा खुट्ट आवाजही गेला नाही. त्या दिवसापासून त्याने ओवी म्हणायची सोडून दिली.

मग पायलचं ते झालं. एका शनिवारी कामावरून लवकर सुटून बिरुदेव लेकीला आणायला शाळेकडे निघाला आणि वाटेतून तसाच घरी परतला. पायल कुठे आहे, असं सोनालीने विचारलं तर म्हणाला, "कोण पायल?" क्षणभरच. पण तो क्षण त्या माऊलीने कसा काढला असेल? पोर शाळेच्या फाटकाशी एकटी रडत उभी होती.

हे मला कळलं ते सोमवारी, कारण सोमवारी सोनाली त्याच्या मागोमाग थेट डागाच्या खोलीत आली. तिने आल्या आल्या दार लावून घेतलं आणि टेबलाखाली, गठ्ठ्यांमागे, कोपऱ्यात शोधाशोध सुरू केली.

"काय हुडकतीस गं?" गठ्ठा न्यायला आत आलेल्या गोजरबाईने विचारलं.

"बाटली, मावशी. ह्येंची दारूची बाटली कुटं हाय सांगा. रोज सांच्याला झोकांड्या खात येत्यात. बोलणं लडबडतंय. परवा तर पोटची पोर इसरलं. समदी आळी म्हंतीया, सोनालीचा नवरा प्यायला लागला."

बिरुदेव खाली मान घालून उभा होता. "मी थेंबाला शिवलो न्हाय, सोने."

"मग हे उचला." तिने कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर पिवळा भंडारा त्याच्यापुढे धरला. बिरोबाची पूजा करणाऱ्यांच्या घरी भंडारा उचलून खोटं बोलत नाहीत. जीव गेला तरी नाही. बिरुदेवाने थरथरत्या हाताने भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "बिरोबाची आन हाय. दारू पीत न्हाय मी."

सोनाली त्याच्याकडे बघतच राहिली. भंडाऱ्यावर नवरा खोटं बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. स्वतःचे डोळे खोटं सांगत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. मग खरं काय? तिने पदर खोचला आणि टॉवेलांच्या गठ्ठ्यावर फतकल मारली.

"आज मी हितनं हलत न्हाय. तुमी काम करा. काय हुतंय ते मी बगती."

त्याने बंदूक उचलली. फुस्स. फुस्स. सोनालीने नाकाला पदर लावला. थोड्या वेळाने ती डोळे चोळू लागली. मग कपाळ दाबून धरलं. मध्येच ती विनाकारण हसली आणि स्वतःच्या हसण्याला दचकली. पाणी प्यायला म्हणून उठली तर पाय भलतीकडेच पडले. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली, तोंड पांढरंफटक.

"मावशी," ती लडबडत्या जिभेने म्हणाली, "मला... मला चढल्यागत झालंय वो. मी काय प्याली न्हाय, आन मला चढलीया!"

ती सावकाश नवऱ्याकडे वळली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"भंडारा खोटा न्हाय," ती म्हणाली. "ही खोलीच खोटी हाय. आन मी तुमास्नी दारुडं म्हनलं."

तिने दार उघडायला हात लांबवला. अंधारी आलेली, कडी सापडेना, आणि चाचपडताना तिचा हात पडला माझ्या बटणावर.

मित्रांनो, त्या वेळी मी जेवढा फिरलो तेवढा आयुष्यात कधी फिरलो नसेन. बेअरिंग कोरडं पडलं होतं, ते किंचाळलं. प्लाय धाडधाड आपटू लागला. कॅलेंडर खाली पडलं.

"ह्यात काय हाय?" सोनाली ओरडली.

"एक्झास हाय की गं त्यात," गोजरबाई म्हणाली.

"पंखा?" बिरुदेव भिंतीकडे बघत पुटपुटला. "हितं पंखा कुटं हाय, मावशी?"

गोजरबाईने तोंडावर हात ठेवला. "आरं लेकरा, असं काय करतुयास? तूच तर प्लाय ठोकलास तितं. तुज्याच हातानं."

त्याने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. त्याला आठवत नव्हतं. मला 'तू' म्हणणारा एकुलता एक माणूस मला विसरला होता.

आवाज ऐकून मालक धावत आले. "काय चाललंय बे? बंद करा ते! पांढरा माल पडलाय, धूळ येईल."

"कुटली धूळ, मालक?" सोनाली दाराची चौकट धरून उभी होती. "भायेर डांबर पडून किती दिस झालं, बगा तरी. न्हायतर असं करा, तुमी बसा हितं. दार लावून, घटकाभर. तुमच्या गुळाचा खडा तोंडात धरून बसा."

मालक चिडले, पण बाईमाणसासमोर माघार कशी घ्यायची? बसले. तिने खरंच दार लावलं आणि बंदूक स्वतः चालवली. घटकाभर बसणं मालकांना काही जमलं नाही. त्याच्या आतच ते खोकत, डोळे पुसत बाहेर पळाले आणि कितीतरी वेळ मागच्या गल्लीत त्या गुळगुळीत रस्त्यावर उभे राहिले. मी त्यांना झडपांतून बघत होतो. परत आले तेव्हा आवाज पार उतरला होता.

"काढा तो प्लाय," एवढंच म्हणाले.

बिरुदेव पुढे झाला, पण पकड हातात धरवेना. शेवटी सोनाली स्टुलावर चढली. गोजरबाईने स्टूल धरलं. खिळे निघता निघेनात, इतके पक्के ठोकले होते त्याने. एकेक खिळा कुरकुरत बाहेर आला, प्लाय खाली पडला आणि उजेड माझ्या तोंडावर आला. कोळिष्टकं उडाली. मी एक मोठा श्वास ओढला आणि सगळी खोली उचलून गल्लीत फेकली.

पुढचं मला गोजरबाईच्या बोलण्यातून कळलं. आधीचे डॉक्टर डोकेदुखीच्या गोळ्या देऊन पाठवायचे. या वेळी सोनालीने त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि काही विचारण्याआधीच टेबलावर रिकामा डबा ठेवला. डागाच्या पाण्याचा. तो बघून डॉक्टरांनी पेनच खाली ठेवलं म्हणे. त्यांनी बिरुदेवाला काही वस्तूंची नावं ऐकवली, थोड्या वेळाने परत विचारली. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले. तो घामाघूम झाला. असल्या वाफेत वर्षानुवर्षं काम केलं की मेंदू मंदावतो, आठवण जाते, हात थरथरतात, माणूस चिडका नाहीतर उदास होतो, असं डॉक्टर म्हणाले. काम सोडलं तर आणखी बिघडायचं थांबेल. गेलेलं किती परत येईल, ते मात्र आज सांगता येणार नाही.

मालकांनी त्याला घड्यांच्या कामावर बसवून बघितलं, पण त्याला मोजमाप जुळेना. शेवटी बिरुदेव, सोनाली आणि पायल गावाकडे निघून गेले. मालकांनी माझ्या झडपा बदलल्या, समोरच्या भिंतीत खिडकी पाडली, आणि डागाच्या टेबलावर आता कोणालाही पूर्ण दिवस बसवत नाहीत. गूळ अजून वाटतात, सवयीने. पण वाटताना कोणाच्या तोंडाकडे बघत नाहीत.

परवा बिरुदेव आला होता. सोनालीने गोजरबाईसाठी घोंगडी आणली होती. तो अंगाने बरा दिसत होता, उन्हात रापलेला. हाताची थरथर कमी झाली होती. दारातच थांबून त्याने मान वर केली.

"मावशी, पंखा नवा बसवला काय? झ्याक हाय."

गोजरबाईने घोंगडीची घडी उगाच मोडून परत घातली. मी फिरत राहिलो. माझी घरघर ऐकता ऐकता त्याची बोटं दाराच्या चौकटीवर ताल धरू लागली, आणि अगदी हळू आवाजात तो गाऊ लागला. लाखी निघाली. भुरी निघाली. बांडी रुसली, मोरीने समजूत काढली. आणि तो तिथेच थांबला, त्याच जागी. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

सोनालीने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "लंगडत येती..."

"...चांदी," तो म्हणाला. मग लहान मुलासारखा हसला. "तिला घ्या खांद्यावरी."

एवढंच परत आलं आहे त्याचं, तेही कोणीतरी अर्धी ओळ पुढे केली की. म्हणून मित्रांनो, या जुन्या पंख्याचं एक ऐका. तुमच्या घरचं कोणी रंगाच्या, थिनरच्या, चिकटवायच्या केमिकलच्या कामाला जात असेल, तर त्यांना एकदा विचारा की तिथली हवा बाहेर जायला वाट आहे का, आणि असली तर ती कोणी तात्पुरती बुजवलेली तर नाही ना. आणि खोलीत वास किती आहे, हे रोज तिथे बसणाऱ्याला विचारू नका. आज नव्याने दारात आलेल्याला विचारा. एखादा दमलेला माणूस कधी हसत तुम्हाला म्हणाला, "मला आता वास येत न्हाई," तर त्याच्या पाठीवर थाप मारू नका. त्याचा हात धरा आणि त्याला बाहेर घेऊन या.